एका गिऱ्हाइकाची गल्ली

पुण्यात एखादी वस्तू कुठं मिळेल असं विचारलं, तर उत्तरात दुकानाचं नाव येत नाही, गल्लीचं येतं. पुस्तक? अप्पा बळवंत. वायर? तपकीर गल्ली. कड्या-कोयंडे? बोहरी आळी. गाडीचा सुटा भाग? नाना पेठ. शालू? लक्ष्मी रोड. आणि जिचं नाव आठवत नाही, पण हवेत हातानं आकार काढून दाखवता येतो अशी कुठलीही वस्तू? तुळशीबाग. सांगणाऱ्याच्या आवाजात अशी खात्री असते की पुन्हा विचारायची सोय नसते. त्याच्या डोक्यात शहराचा नकाशा पक्का असतो. अडचण एवढीच, की तो नकाशा त्याच्या आजोबांनी काढलेला असतो.

त्या नकाशावर विसंबून बाहेरगावचा माणूस पुस्तकांचा बाजार बघायला अप्पा बळवंत चौकात उतरतो. पहिल्या शंभर पावलांत त्याला काय दिसतं? दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, रेनकोट, झेरॉक्स, लॅमिनेशन, रबरी शिक्के, लग्नपत्रिका, मोबाइलची कव्हरं. पुस्तकं असतातच, पण त्यांच्यापर्यंत पोचायला या सगळ्यांची परवानगी घ्यावी लागते. मग तो माणूस हळहळतो. ‘आता पूर्वीचं अप्पा बळवंत राहिलं नाही,’ असं म्हणतो. त्यानं पूर्वीचं पाहिलेलं नसतं, पण पुण्यात हे वाक्य म्हणायला तेवढी अट नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. बाजार एका जिनसेचा असतो ही आपली समजूतच चुकीची. बाजार एका गिऱ्हाइकाचा असतो. जिन्नस येतात, जातात. गिऱ्हाईक तेच राहतं, आणि त्याला पुढं काय लागेल ते ओळखून गल्ली आपली फळी बदलत जाते. अप्पा बळवंत चौक पुस्तकांचा कधीच नव्हता. तो परीक्षेला बसलेल्या माणसाचा आहे.

ज्यांच्या नावानं चौक आहे त्या अप्पा बळवंत मेहेंदळ्यांनी आयुष्यात पुस्तक विकल्याचं ऐकिवात नाही. त्यांचे वडील बळवंतराव पानिपतच्या मोहिमेत पडले. अप्पांची गोष्ट सांगतात ती अशी: पर्वतीहून अंबारीतून परतताना सवाई माधवरावांना भोवळ आली आणि मागं बसलेल्या अप्पांनी पेशव्यांना सावरलं. ते जिथं घडलं त्या जागेला त्यांचं नाव मिळालं. भोवळ येणाऱ्याला सावरण्याची ती परंपरा चौकानं अजून पाळली आहे. दहावीच्या पालकांना ती जूनमध्ये येते, आणि मागं गर्दी इतकी असते की पडायला जागाच मिळत नाही.

पुस्तकं आली शाळांमुळं. 1880 साली चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं ते इथं बुधवार पेठेतच, मोरोबा दादांच्या वाड्यात. चिपळूणकरांनी त्याच सुमारास चित्रशाळा उभी केली आणि किताबखाना नावाचं पुस्तकांचं दुकानही घातलं. म्हणजे राष्ट्रीय शिक्षण आणि त्याची स्टेशनरी यांची सोय एकदमच झाली. पुढं आसपास नूतन मराठी, हुजूरपागा अशा शाळा गजबजल्या, छापखाने ठोकठोक करू लागले, आणि पोरगं शाळेतून सुटल्यावर ज्या वाटेनं घरी जातं त्या वाटेवर दुकानदार बसले. यात कुणाची दूरदृष्टी नव्हती. पोराच्या हातात आईनं दिलेली यादी होती.

ती यादी हेच या चौकाचं खरं चलन. इथं पुस्तक चाळायचं नसतं. लाकडी काउंटरबाहेर फुटपाथवर उभं राहायचं, दोन दप्तरांच्या मधून हात घालायचा आणि यादी द्यायची. आतला माणूस ती न वाचता माळ्याकडं तोंड करून ओरडतो, ‘आठवी, सेमी, अख्खा सेट!’ वरून आठवी खाली येते. ती झेलणाऱ्या मुलाचा झेल सुटलेला मी पाहिलेला नाही. मग एकामागून एक प्रश्न सुरू होतात. वह्या शंभर पानी की दोनशे? एकरेघी की दुरेघी? कव्हर खाकी की प्लास्टिकचं? लेबलं कार्टूनची की साधी? गाइड? अपेक्षित प्रश्नसंच? गिऱ्हाईक पुस्तकं घ्यायला आलेलं असतं आणि परत जाताना त्याच्याकडं एक लहानसं संस्थान असतं.

यातूनच चौक पसरत गेला. पुस्तक म्हटलं की कव्हर, कव्हर म्हटलं की दप्तर, दप्तर भिजतं म्हणून रेनकोट. शाळांनी प्रकल्प सुरू केले तेव्हा तर चौकाला सोन्याचे दिवस आले. मुलांनी निसर्गात जावं, निरीक्षण करावं, हातानं काही घडवावं, असा शिक्षणखात्याचा हेतू होता. चौकानं त्याचा सरळ अर्थ लावला: उद्या सकाळी आठ वाजता प्रकल्प द्यायचाय आणि पालकाला तो रात्री साडेआठला कळलाय. तेव्हापासून फळं, भाज्या, थोर पुरुष, आपले मदतनीस असे छापील तक्ते तयार मिळतात. कात्री लावायची, चिकटवायचं, खाली मुलाचं नाव घालायचं. आपले मदतनीस या तक्त्यात डॉक्टर, पोलीस, सुतार, पोस्टमन असतात. अप्पा बळवंत चौकातला दुकानदार नसतो, हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे.

वाचायची पुस्तकं इथं मिळत नाहीत असं नाही. पण ‘पुस्तक’ याचा चौकातला अर्थ ‘ज्यावर प्रश्न येऊ शकतो ते’ असा आहे. एकदा एका गृहस्थांनी माझ्यादेखत काउंटरवर विचारलं, ‘कवितांचं काही आहे का?’

दुकानदार म्हणाला, ‘कितवीच्या?’

गृहस्थ साठीचे होते.

जुन्या पुस्तकांचा व्यवहार हे चौकाचं खास शास्त्र. परीक्षा झाली की पोरं पुस्तकं विकायला येतात. दुकानदार पानं फरफर उलटतो आणि एक किंमत सांगतो. वर्षभर कधी उघडलं नाही त्या पुस्तकाला चांगला भाव येतो. अभ्यास करणाऱ्यानं रेघोट्या मारून पुस्तकाची किंमत घालवलेली असते आणि उनाड पोरानं ती राखलेली असते. तेच पुस्तक जूनमध्ये अर्ध्या किमतीला पुढच्या पोराच्या दप्तरात जातं. या सुरळीत चाललेल्या संसारात एकच भूकंप येतो. अभ्यासक्रम बदलतो. पाठ्यपुस्तकं काढणारी बालभारती 1967 साली पुण्यातच निघाली, त्यामुळं या भूकंपाचं केंद्र चौकापासून फार लांब नाही. एका परिपत्रकासरशी माळ्यावरचा सगळा माल रद्दी होतो.

होत असे, म्हणायला हवं. कारण मधल्या काळात ते आठवीतलं पोरगं मोठं झालं. पदवी घेतली, नोकरी मिळाली नाही, आणि ते पुन्हा त्याच चौकात येऊन उभं राहिलं. या खेपेला यादी आईनं दिलेली नव्हती, खोलीवरच्या सीनियरनं दिली होती. बाजार म्हणजे गिऱ्हाईक, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. लातूर, बीड, सोलापूर, जळगावहून पोरं-पोरी आल्या, सदाशिव-नारायण-शनिवार पेठांत कॉटबेसिसवर राहू लागल्या, आणि चौकातली एकेक फळी शालेय खात्यातून स्पर्धा परीक्षा खात्यात बदलीवर गेली. दर्शनी भागात चालू घडामोडी आल्या. अंकगणिताच्या जागी अंकगणितच राहिलं, फक्त त्यावर ‘कंबाइन’ या परीक्षेचं नाव लिहिलं गेलं. लक्ष्मीकांत हे पूर्वी एखाद्या मामाचं नाव असायचं. आता ‘लक्ष्मीकांत वाचून झाला का?’ असं एकमेकांना विचारतात आणि त्यात राज्यशास्त्राच्या पुस्तकाखेरीज कशाचा संबंध नसतो.

आणि इथंच रद्दीचं नशीब फळफळलं. या परीक्षांना जुनी स्टेट बोर्डाची पुस्तकं लागतात, असं कुणीतरी सांगितलं. पाचवी ते बारावी, इतिहास आणि भूगोल, आणि तीही बदलायच्या आधीची. ज्या पोरानं दहावी सुटल्याच्या आनंदात तो गठ्ठा मिळेल त्या भावात देऊन वर भेळ खाल्ली, तेच आता चोविसाव्या वर्षी नव्याच्या वर पैसे मोजून विकत घेतं. पानावर निळ्या शाईत ‘हे पुस्तक सापडल्यास’ वगैरे लिहिलेलं असतं. ते हरवलेलं नसतंच मुळी. बाजारात गुंतवलेलं असतं.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा काही वर्षं वस्तुनिष्ठ होती. ती पुन्हा वर्णनात्मक करायचं ठरलं, तेव्हा 2023 च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले आणि अंमलबजावणी 2025 वर गेली. विद्यार्थ्यांना तयारीला वेळ मिळाला. प्रकाशकांनाही मिळाला. वस्तुनिष्ठवाल्यांना एक पुस्तक, वर्णनात्मकवाल्यांना दुसरं, आणि नक्की काय होणार हे न कळल्यामुळं झोप उडालेल्यांना दोन्ही. सरकारचा कुठलाही निर्णय या चौकात वाया जात नाही.

आता पुस्तकांच्या पाठोपाठ काय आलं ते बघा. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आल्या, तिथल्या खुर्च्यांवर लोकांनी उशा बांधल्या. मग उशा विकायला आल्या. मेसची डब्याची कुपनं आली, चहाच्या टपऱ्या रात्री उशिरापर्यंत राहू लागल्या. डुलकी येऊ नये म्हणून चहा आणि आल्यास उशी अशी दोन्ही बाजूंनी तयारी झाली. यातली कुठली वस्तू पुस्तक आहे? एकही नाही. पण गिऱ्हाईक तेच आहे, दप्तराऐवजी सॅक लावलेलं.

चौकातून पूर्वेला निघालं की दोन-चार मिनिटांत पासोड्या विठोबा लागतो. जवळ पासोड्यांचा बाजार भरायचा म्हणून हे नाव. पुण्यातल्या देवांनी ही एक जबाबदारी विनावेतन घेतली आहे. बाजार उठून जातो, देव त्याचं नाव लावून मागं राहतो. सरकारदरबारची नावं तेवढी टिकली नाहीत. बुधवार पेठ औरंगजेबाच्या मुक्कामात मोहियाबाद होती, रविवार पेठ मलकापूर होती. आज हे सांगितलं तर रिक्षावाला विदर्भाचं भाडं मागेल. पण शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भाजीबाजार भरत होता तेव्हा बटाट्यांच्या शेजारी सापडलेला मारुती अजून बटाट्या मारुतीच आहे. जिलब्या मारुतीबद्दल मात्र एकमत नाही. शेजारी जिलबीवाला होता असं एक पक्ष म्हणतो, मारुतीला जिलब्यांची माळ घालत असा दुसऱ्याचा दावा. पक्ष दोन असले म्हणजे माहिती पुण्यातलीच आहे अशी खात्री बाळगावी.

बटाटे तिथून गेले ते मंडईत. 1886 साली ती दगडी, अष्टकोनी मनोऱ्याची इमारत उघडली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं तिला रे मार्केट म्हणू लागले. तिच्यावर एवढा पैसा घालू नका म्हणून नगरपालिकेत विरोध केला होता तो जोतीराव फुल्यांनी. पुढं आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला नाव मिळालं महात्मा फुले मंडई. गव्हर्नर गेले, विरोधक राहिले, आणि भाजीचे भाव दोघांनाही जुमानत नाहीत.

पासोड्या विठोबाच्या आसपास आज पासोडी सोडून बाकी सगळं मिळतं, त्यातही मुख्यत्वे वीज. तपकीर गल्ली इथंच. तिचं गिऱ्हाईकही एकच: घरात स्क्रूड्रायव्हर आणि टेस्टर आहे एवढ्या भांडवलावर ‘मी करतो घरी दुरुस्त’ असं जाहीर केलेला गृहस्थ. रेडिओ ऐकायला पोस्टातून परवाना काढावा लागायचा त्या काळात तो व्हॉल्व्ह शोधत आला. मुंबई दूरदर्शन 1972 ला सुरू झालं. मग तो अँटेना आणि बूस्टरसाठी आला. 1982 च्या एशियाडनं टीव्हीत रंग भरला, तेव्हा शेजाऱ्याच्या चित्रात हिरवा जास्त का दिसतो याची चौकशी करायला आला. पुढं कॅसेटचं हेड, रिमोट, चार्जर, सीसीटीव्ही, दिवाळीला एलईडीच्या माळा. चार पिढ्यांच्या वस्तू गेल्या. त्याचं वाक्य तेच आहे. खिशातून फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा काढून तो म्हणतो, ‘अगदी अस्सा हवाय.’

पलीकडचा पोरगा तो तुकडा न बघता म्हणतो, ‘काका, हे आता येत नाही. अख्खं बदला.’

हे वाक्य घरी जाऊन बायकोला कसं सांगायचं, त्याची वायर मात्र गल्लीत मिळत नाही.

तुळशीबागेचा विषय असा चार वाक्यांत आटपणार नाही. तिथं गेलेलं माणूसही चार मिनिटांत बाहेर येत नाही. खासगीवाल्यांची तुळशीची बाग होती, तिथं पेशवाईत नारो अप्पाजी खिरे यांनी रामाचं देऊळ उभारलं. त्यांचंही नाव मग तुळशीबागवाले पडलं. देवळात कीर्तनं, प्रवचनं होत. बायका येत. आता विचार करा, ज्या काळात घरंदाज बाईनं बाहेर पडायला सबळ कारण लागायचं, त्या काळात रामाहून सबळ कारण कोणतं? दर्शन झालं की उंबऱ्याबाहेर हळदकुंकू, वाती, उदबत्ती, ताम्हण, पळी-पंचपात्र. घरी जाब द्यावा लागला तर सगळं देवाच्याच नावावर. मग समई, समईशेजारी तांब्या, तांब्याशेजारी पातेलं. सोबत आलेल्या पोरीनं भोकाड पसरलं म्हणून भातुकली. रामाच्या देवळापासून हेअरपिनेपर्यंतचा रस्ता असा एकेक पाऊल, पूर्ण सोवळ्यात पार झाला.

भांड्यांचंच बघा. तांब्या-पितळेची होती तोवर कल्हईवाला होता. स्टील आलं, सासूनं जपलेले हंडे-बंब सुनेनं मोडीत काढले आणि चकचकीत डबे आणले. मग नॉनस्टिक आलं, त्यासाठी लाकडी उलथनं आलं. आता त्याच सुनेच्या सुनेला तांब्यातलं पाणी प्रकृतीला चांगलं असं कळलंय, आणि ती तांब्याची बाटली घ्यायला आली आहे. मोडीत दिलेल्या हंड्याचा आणि घेतलेल्या बाटलीचा भाव आजेसासूनं शेजारी शेजारी ठेवून पाहिला तर तिला रामाच्या देवळातच बसवावं लागेल. भातुकलीही आता मुलींपेक्षा आयाच जास्त घेतात, शोकेससाठी. मुलींना खरा ओव्हन लावता येतो.

दागिन्यांत तर इथली चपळाई वाखाणण्यासारखी आहे. मालिकेतली नायिका सोमवारी ज्या मंगळसूत्रात रडते ते गुरुवारी तुळशीबागेत टांगलेलं असतं. नाक टोचायचं नाही पण नथ हवी, म्हणून चापाची नथ आली. नेसता येत नाही पण नऊवारी हवी, म्हणून शिवलेली नऊवारी आली. गौरींनाही वेळ नसतो, त्यामुळं त्यांच्यासाठी स्टँड, मुखवटे, हात आणि चुण्या घातलेली तयार साडी मिळते. 2018 ला राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि गणपतीच्या थर्माकोलच्या मखरांवर संक्रांत आली, तेव्हा आता आरास कशाची करणार असे लेख लिहून होईपर्यंत तुळशीबागेत कापडाची आणि पुठ्ठ्याची मखरं लागलीही होती.

घासाघीस हा तिथला आद्य व्यवसाय. परवाच कानावर पडलेला संवाद:

‘दीडशे.’

‘ऐंशी.’

‘अहो ताई, ऐंशीला तर मलाच पडतं.’

‘मग द्या की पडतं त्या भावात. तोटा करा म्हणतेय का मी?’

ऐंशीला दिलं. ‘एकच भाव’ अशी पाटी त्या दुकानात होती, आणि शेवटी भाव एकच ठरला हे कबूल करावं लागेल.

बरोबर आलेल्या नवऱ्यांसाठी तुळशीबागेनं शंभर वर्षांत काही केलं नाही अशी तक्रार ऐकू येते. ती खरी नाही. पिशव्या धरून उभ्या असलेल्या या वर्गाकडं बघून कुणीतरी रुमाल आणि मोजे मांडले. खरेदी लांबली की तो बिचारा दोन जोड घेतो. पुण्यातल्या मध्यमवर्गीय पुरुषाकडं मोज्यांचा साठा किती आहे यावरून त्याच्या सौभाग्यवतीच्या खरेदीचा अंदाज बांधता येतो.

मॉल आले तेव्हा पेठा संपणार असं लिहिलं गेलं. ऑनलाइन आलं तेव्हा पुन्हा लिहिलं गेलं. दोन्ही वेळा गिऱ्हाईक गेलंही; मॉलमध्ये थंड हवा खाऊन आलं, फोनवर फोटो बघून आलं. आता ते फोन काढून दुकानदाराला दाखवतं, ‘असं आहे का?’ दुकानदार स्क्रीन दोन बोटांनी मोठी करतो. ‘आहे. पण फोटोत लाल दिसतंय ना, ते मरून येईल. आणि फोटोवाल्यापेक्षा पन्नास कमी.’ ज्या यंत्रानं त्याचा धंदा बुडवायचा त्याचा त्यानं कॅटलॉग केला आहे, तोही गिऱ्हाइकाच्या डेटावर.

हे सगळं दुकानदार हुशार आहेत म्हणून झालं असं मला वाटत नाही. हुशार माणसं योजना आखतात, आणि योजना आखून वसवलेले बाजार नगरपालिकांच्या कृपेनं आपण पुष्कळ पाहिले आहेत. तिथं गाळ्यांपेक्षा कुलपं जास्त विकली गेली. पेठेतला माणूस एवढंच करतो, की समोरचा परत जाताना कशाशिवाय गेला ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या आठवड्यात ते आणून ठेवतो. जुन्या पुण्यात जागा नसल्यामुळं ते आधीच्या मालाच्या वर टांगावं लागतं, म्हणून इथल्या दुकानात छत दिसत नाही.

29 सप्टेंबर 2024 पासून मेट्रो जमिनीखालून मंडईपर्यंत येते. पिंपरीचं गिऱ्हाईक बसल्या जागी तुळशीबागेच्या दारात उतरतं. याचा परिणाम काय होईल हे तज्ज्ञ सांगतील. मला एवढं दिसलं, की स्थानकाबाहेरच्या वाटेवर घडीच्या पिशव्या विकायला आल्या आहेत. गाडीची डिकी नाही म्हटल्यावर माणसाला पिशवी लागणारच.

तेव्हा वाचकहो, जरूर या. जूनचा पहिला पंधरवडा आणि गौरीच्या आधीचा आठवडा तेवढा टाळा. पासोडी, तपकीर आणि तुळस यांची चौकशी त्या त्या ठिकाणी करू नका. यादी आणा, पण यादीइतकेच पैसे आणू नका. आणि गाडी घरीच ठेवा. या पेठांत सगळ्याचा बाजार भरतो, फक्त पार्किंगचा अजून कुणी मांडलेला नाही.